पेशींचं अनुकूलन शिकताना या चुका टाळा

पॅथॉलॉजीच्या सुरुवातीलाच हायपरट्रॉफी (पेशी आकाराने मोठ्या होणं), हायपरप्लेझिया (पेशींची संख्या वाढणं), ॲट्रॉफी (पेशी आक्रसणं) आणि मेटाप्लेझिया (एका प्रकारच्या पेशींच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या येणं) हे चार शब्द येतात. दुसऱ्या वर्षाची मुलं ते एका रात्रीत पाठ करतात आणि प्रॅक्टिकलला नेमकी तिथेच अडकतात. नाव आधी पाठ होतं आणि ऊती नंतर बघितली जाते, म्हणून हे होतं. स्लाइड लावली की मी मुलांना आधी तीनच गोष्टी विचारते: ऊती कोणती, तिच्यावर ताण कसला, आणि ही पेशी विभागू शकते का? हे सांगता आलं तर नाव चुकत नाही. रात्रीत बघितलेल्या व्हिडिओंमध्ये आणि युक्तीच्या वाक्यांमध्ये हे तीन प्रश्न कधीच नसतात, म्हणून त्या शॉर्टकटचा मला मनापासून राग आहे.

हृदयाची भिंत जाड दिसली की हायपरट्रॉफी

हृदयाच्या स्नायूपेशी मोठ्या माणसात जवळजवळ विभागतच नाहीत. रक्तदाबाचा भार वर्षानुवर्षं पडला तर त्यांना एकच वाट उरते, ती म्हणजे आकाराने मोठं होणं. इथवर सगळ्यांना येतं. चूक होते ती मोजताना. मुलं डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीला मोजपट्टी लावतात आणि आत उठून आलेले पॅपिलरी स्नायू, स्नायूंच्या आतल्या पट्ट्या, सगळं धरून आकडा सांगतात. दोन सेंटिमीटर! मग निरोगी हृदयालाही हायपरट्रॉफीचं लेबल लागतं. पॅपिलरी स्नायू आणि पट्ट्या सोडून, मायट्रल झडपेच्या थोडं खाली, बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर मोजा. तिथे दीड सेंटिमीटरच्या वर गेलं तर बोला.

आणि वजन केल्याशिवाय बोलू नका. मोठ्या माणसाचं हृदय साधारण 300 ग्रॅमच्या आसपास असतं. झडप गळत असेल तर जवनिका फुगते, भिंत ताणली जाते आणि पट्टीवर जाडी साधारणच भरते. तेच हृदय तराजूवर ठेवलं तर 500 ग्रॅमच्या पुढे जातं. म्हणजे हायपरट्रॉफी आहेच, फक्त ती लांबीच्या दिशेने झालेली आहे. पट्टीवर विसंबणारा इथे हमखास फसतो. स्लाइडवरही तेच. पेशी मोठी आहे हे नुसत्या डोळ्याने ठरवू नका. मी हायपरट्रॉफीच्या स्लाइडशेजारी निरोगी हृदयाची स्लाइड ठेवते आणि त्याच पॉवरवर दोन्ही बघते. मोठं, गडद, चौकोनी केंद्रक तेव्हा नजरेत भरतं.

गरोदर गर्भाशयात हायपरट्रॉफी आणि हायपरप्लेझिया दोन्ही असतात. उतारवयातली प्रोस्टेटची वाढ हायपरप्लेझिया असते, आणि ती कॅन्सरची पहिली पायरी नाही. यकृताचा भाग कापून काढल्यावर उरलेलं वाढतं, तोही हायपरप्लेझिया. तालमीतल्या पैलवानाचा दंड मात्र हायपरट्रॉफी.

मेटाप्लेझिया वाचून घाबरणं

ही चूक परीक्षेत गुण घालवते, पण बाहेर ती माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन झोपवते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

एका तालुक्याच्या गावातून एक मुलगी आईच्या पॅप स्मिअरच्या (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीच्या) काचा घेऊन आमच्या विभागात आली होती. आईला पांढरं जात होतं म्हणून तपासणी झाली. रिपोर्टमध्ये सूज आणि स्क्वेमस (चपट्या पेशींचा) मेटाप्लेझिया असं लिहिलेलं. तो वाचून तिला सांगण्यात आलं, ‘पेशी बदलल्यात, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका.’ ऑपरेशनची तारीखही ठरली होती. मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आईने चार दिवस जेवण सोडलंय, एकदा तुम्ही बघा.’

काच लावली. एकमेकींना खेटून बसलेल्या मेटाप्लास्टिक पेशी, भोवती भरपूर न्यूट्रोफिल, म्हणजे सुजेत येणाऱ्या पांढऱ्या पेशी. केंद्रक सगळी सारख्या मापाची, कडा गुळगुळीत, क्रोमॅटिन (केंद्रकातलं द्रव्य) नाजूक. डिस्प्लेझियाचा, म्हणजे कॅन्सरकडे झुकणाऱ्या बिघाडाचा, मागमूस नाही. आम्ही तसं लिहून दिलं, आमच्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला तपासून सुजेवर औषध दिलं, ऑपरेशन टळलं. पुढच्या स्मिअरमध्ये सूज उतरलेली होती. मेटाप्लास्टिक पेशी तिथेच होत्या, आणि असायलाच हव्यात.

वयात येताना इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयमुखाच्या आतलं स्तंभाकार अस्तर बाहेरच्या बाजूला येतं. तिथे योनीतलं आम्ल असतं. त्या नाजूक अस्तराला ते सोसत नाही, म्हणून खालच्या राखीव पेशी वाट बदलतात आणि सोशिक स्क्वेमस अस्तर तयार करतात. प्रौढ पेशी रूप बदलत नाही, नवी पेशीच वेगळी घडते. व्हायवात निम्मी मुलं इथे उलटं सांगतात. हा बदल जवळपास प्रत्येक बाईत होतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्हीचा विषाणू याच पट्ट्यातल्या कोवळ्या पेशींना धरतो, म्हणून या पट्ट्यावर लक्ष ठेवायचं. त्या पट्ट्याचं असणं हा आजार नव्हे. बेथेस्डा पद्धतीच्या (पॅप स्मिअर लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) रिपोर्टमध्ये तर एंडोसर्व्हायकल (गर्भाशयमुखाच्या आतल्या) किंवा मेटाप्लास्टिक अशा निदान 10 धड पेशी दिसल्या, तर नमुना योग्य जागेतून घेतला गेला असं नोंदवतात. ज्या शब्दाने त्या बाईची झोप उडाली, तो नमुना नीट घेतल्याचा पुरावा होता.

कोवळ्या मेटाप्लास्टिक पेशीत केंद्रक पेशीच्या मानाने मोठं दिसतं, नवशिक्यांची घाई तिथे नडते. फक्त केंद्रकाच्या मापावर डिस्प्लेझिया म्हणायचं नाही. त्याची कड बघा. वेडीवाकडी, दातेरी आहे का? क्रोमॅटिन गडद, भरड आहे का? रिपोर्ट लिहिताना माझी सवय अशी: ‘डिस्प्लेझिया किंवा कॅन्सर नाही’ हे पहिल्या ओळीत, मेटाप्लेझिया खाली. रिपोर्ट हातात आलेला माणूस पहिलीच ओळ वाचतो.

सगळाच मेटाप्लेझिया इतका निरुपद्रवी नसतो, हेही तितकंच खरं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत केसाळ स्तंभपेशींच्या जागी स्क्वेमस पेशी येतात. त्या धुराला टिकतात, पण कफ वर ढकलणारे केस गेलेले असतात. धूम्रपान सोडलं तर हे उलटू शकतं. चालू राहिलं तर त्याच जागी डिस्प्लेझिया आणि पुढे कॅन्सर उभा राहतो. अन्ननलिकेत आम्लामुळे उलटा प्रवास होतो, स्क्वेमस जाऊन गॉब्लेट (श्लेष्मा बनवणाऱ्या) पेशींचं आतड्यासारखं अस्तर येतं. तिथे वेळोवेळी दुर्बीण लागतेच. म्हणून पुन्हा तेच: ऊती कोणती, ताण कसला?

बाकीच्या

ॲट्रॉफी झालेल्या हृदयातला तपकिरी रंग लोह समजू नका. ते केंद्रकाजवळ साठणारं लायपोफ्युसिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि लोह निळं दाखवणाऱ्या पर्ल्स स्टेनला ते निळं होत नाही.

यकृतातली चरबी दाखवायला पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) ऑइल रेड ओ हा चरबीचा रंग मागू नका. झायलीनमध्ये ती कधीच धुऊन गेलेली असते. फ्रोझन सेक्शन, म्हणजे गोठवून घेतलेला काप, लागतो.

एकटी आक्रसलेली पेशी, आसपास सूज नाही: ॲपॉप्टोसिसचा, म्हणजे पेशीच्या स्वतःहून मरण्याचा, विचार करा. गठ्ठ्याने मेलेल्या पेशी आणि भोवती न्यूट्रोफिल: नेक्रोसिस, म्हणजे इजेने आलेलं मरण.

आणि सगळ्याच पेशी फिक्या, केंद्रकं पुसलेली, पण कुठेही सूज नाही असं दिसलं, तर नेक्रोसिस लिहिण्याआधी नमुना कसा आला ते विचारा. बहुतेक वेळा तो सलाइनमध्ये किंवा कोरड्या कापसात आलेला असतो आणि ऊती बाहेर काढल्यावर कुजलेली असते. 10 टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट, रुंद तोंडाची बरणी. गाठ मोठी असेल तर पोचल्याबरोबर तिला काप द्या. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत जातं.