पहाटेची टॅक्सी: मी काय बदललं

आदल्या रात्री ॲपवर साडेचारची टॅक्सी शेड्यूल केली आणि निर्धास्त झोपलो. पहाटे बघतो तर ‘ड्रायव्हर शोधत आहोत’ म्हणत चक्र फिरतंय. मग एकाने घेतली, पाच मिनिटं जागचा हलला नाही, शेवटी रद्द केली. विमान मिळालं, पण धापा टाकत.

नंतर उलगडा झाला. आगाऊ बुकिंग म्हणजे गाडी राखून ठेवलीय असं नसतं. बऱ्याचदा ॲप ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी जवळपासच्या चालकांना विनंती पाठवतं, इतकंच. अवेळी जवळ कुणी नसलं की खेळ खलास.

आता पहाटे निघायचं असेल तर ओळखीच्या चालकालाच सांगतो. रात्री गाडीचा नंबर मागवतो, निघताना फोन करायला लावतो. ॲप फक्त हाताशी असावं म्हणून. ते वापरलंच तर नकाशावरची खूण स्वतः गेटवर सरकवतो, कारण इमारतीच्या आत जीपीएस कधीकधी भलतीच गल्ली दाखवतं (अर्धी भांडणं तिथलीच). गाडी हलताना दिसली नाही तर लगेच फोन. शिवाय वेळ अर्धा तास अलीकडची सांगतो. चालकाला हे ठाऊक आहे. हसतो, पण येतो.