‘सीओपी किती?’ विचारणाऱ्याला आधी विचारा, ‘कुठून कुठे?’

आमच्याकडे नवीन इंजिनिअर रुजू झाला की पहिल्याच दिवशी मी त्याच्या हातात काळ्या इन्सुलेशन टेपचं बंडल ठेवते. लॅपटॉप यायला दोन दिवस लागतात, टेप लगेच लागते. कारण पहिल्या साइटवर तो लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन काढणार, चकचकीत स्टीलच्या पाइपवर धरणार आणि वहीत ४१ अंश लिहून मोकळा होणार. त्याच पाइपला हात लागला तर फोड येईल. चकचकीत स्टील स्वतःचं प्रारण फार कमी बाहेर टाकतं आणि आजूबाजूचं परावर्तित करतं, त्यामुळे गन बराचसा भिंतीचाच आकडा सांगत बसते. पाइपवर टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, टेपवर गन धरा. ७८.

मी भोसरी एमआयडीसीतल्या अकरा माणसांच्या स्टार्टअपमध्ये थर्मल इंजिनिअर आहे. आम्ही कारखान्यांसाठी हीट पंप बनवतो, म्हणजे बॉयलरची वाफ न वापरता, कोमट किंवा गार जागेतली उष्णता उचलून विजेवर ८० अंशांपर्यंत पाणी तापवणारं मशीन. एक युनिट वीज खाऊन ते किती युनिट उष्णता देतं, तो त्याचा सीओपी. त्याआधी सहा वर्षं बॉयलरच्याच धंद्यात होते, त्यामुळे ज्याच्या पोटावर पाय देते त्याचंच मीठ खाल्लेलं आहे. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं मला सॉफ्टवेअर कोणतं शिकू ते विचारतात. पायथन आणि कूलप्रॉप येत असेल तर उत्तमच, ते फुकट आहे आणि वायूंचे गुणधर्म हातात देतं. बीईईच्या, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, एनर्जी ऑडिटर परीक्षेचा अभ्यासही करा, पास व्हा न व्हा. पण नोकरीतला निम्मा वेळ डेअरी, लाँड्री आणि डाइंगच्या ओल्या फरशीवर जातो. तिथे काय करायचं, ते सांगते.

फेरी गटारापासून

जाण्याआधी चार गोष्टी मागवून घ्या: बारा महिन्यांची वीजबिलं, इंधनाचं रजिस्टर, पाण्याचा टेस्ट रिपोर्ट आणि दिवसभरात कोणत्या तासाला काय चालतं याचा तक्ता. तक्ता कोणीच देत नाही. तो तुम्हालाच पाळीच्या लोकांना विचारून बनवावा लागतो.

पोचलात की मालक चहा देतात आणि थेट बॉयलर हाउसकडे नेतात. चहा घ्या, पण फेरी गटारापासून सुरू करा, आणि जमलं तर पहाटे. थंडीत सहा वाजता ज्या गटारातून वाफा निघतात तिथे कोणीतरी पैसे ओततंय. तिथून उलट चालत गेलात की तो पैसा कुठून येतो ते सापडतं. मग कूलिंग टॉवरकडे जा. डेअरीत अमोनियाचा प्लांट दूध थंड करतो आणि दुधातून काढलेली उष्णता आकाशात सोडतो. त्याच आवारात पन्नास पावलांवर बॉयलर इंधन जाळून उष्णता तयार करतोय. मधला पन्नास पावलांचा पाइप कोणी टाकत नाही, कारण एक खातं रेफ्रिजरेशनवाल्याचं आणि दुसरं बॉयलरवाल्याचं.

मोजमापात वाद नको म्हणून एक आकडा पाठ करा: ८६०. तेवढ्या किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. कॉलेजात किलोजूल शिकवतात, शॉप फ्लोअर अजून किलोकॅलरीतच बोलतो, आणि हिशोबाला तेच सोपं. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला हजार किलोकॅलरी, म्हणजे १.१६ युनिट. रेफ्रिजरेशनचा एक टन म्हणजे तासाला ३०२४ किलोकॅलरी, साडेतीन किलोवॉट. एवढ्यावर गेटपासून केबिनपर्यंत चालता चालता अंदाज बांधता येतो.

पाटीवर जाऊ नका

माझी पहिली मोठी चूक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका डेअरीत झाली. बॉयलरच्या पाटीवर एक टन, म्हणजे ताशी एक टन वाफ, साधारण ६२७ किलोवॉट. मालक म्हणाले, “मॅडम, बॉयलर दिवसभर फुल चालतो.” मी तो शब्द धरला आणि २०० किलोवॉटच्या मशीनचं कोटेशन काढलं. सेल्सवाला खूश. पाठवायच्या आदल्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, मी बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाच्या लाइनवर साधा वॉटर मीटर बसवून घेतला. आठवड्याने आकडे आले. बॉयलर दिवसाला ४२०० लिटर पाणी पीत होता. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं परत झालेलं पाणी, बॉयलरकडे परत येत नव्हतं, म्हणजे ४.२ टन वाफ सोळा तासांत. ताशी पाव टन. ‘फुल’ म्हणजे भट्टी सतत पेटलेली, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग मी त्या ४.२ टनांचा हिशोब मांडला. धुलाईसाठी, म्हणजे सीआयपीसाठी, रोज २०,००० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर: ११ लाख किलोकॅलरी, सुमारे २.१ टन वाफ. पाश्चरायझरमध्ये ४० हजार लिटर दूध ७२ अंशांवर न्यायचं, पण बाहेर पडणारं गरम दूध आत येणाऱ्या थंड दुधाला आधीच तापवतं, त्यामुळे वाफेला शेवटचे सातेक अंशच उरतात: जेमतेम अर्धा टन. बेरीज २.६. राहिलेली १.६ टन वाफ गेली कुठे?

ती शोधायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत मी जे शिकले ते चार सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते. स्टीम ट्रॅप म्हणजे वाफ अडवून फक्त कंडेन्सेट सोडणारा व्हॉल्व्ह; नऊपैकी चार उघडेच अडकलेले, वाफ सरळ कंडेन्सेट लाइनमधून गटारात. लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, उखडलेला वाफेचा मुख्य पाइप. क्रेट धुण्याच्या टाकीत वाफेची नळी नुसती सोडलेली, पाणी उकळतंय आणि वर ढग. ट्रॅप ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवा, मूठ कानाला लावा. टक्... टक्... असा थांबून थांबून आवाज आला तर ठीक. अखंड सूंऽऽ ऐकू आलं तर तो गेला.

ही दुरुस्ती आमच्या मशीनशिवाय होण्यासारखी होती आणि तिने रोजचं चारशे किलोच्या आसपास ब्रिकेट, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याचं दाबून केलेलं बॉयलरचं इंधन, वाचणार होतं. सेल्सवाल्याचं म्हणणं, हे आत्ता नको सांगायला. मी सांगितलं. आमच्या फाउंडरचं तोंड दोन दिवस वाकडं होतं.

सीओपी

आता शीर्षकातला प्रश्न. गुंतवणूकदार, ग्राहक, नात्यातले काका, सगळे हेच विचारतात: “तुमच्या मशीनचा सीओपी किती?” हा प्रश्न ‘भाडं किती?’ असा आहे. कुठून कुठे जायचंय ते सांगितल्याशिवाय उत्तर नाही. १८५० च्या दशकात ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठाचं पाणी आटवायला हीट पंप बांधला, तेव्हापासून हे गणित बदललेलं नाही.

कागदाच्या मागे करायचा हिशोब असा. गरम बाजूचं तापमान केल्व्हिनमध्ये घ्या, दोन बाजूंमधल्या फरकाने भागा, आलेल्या उत्तराचं निम्मं करा. अमोनिया प्लांटच्या कंडेन्सरचं ३५ अंशांचं पाणी वापरलं तर आमच्या मशीनमधला गॅस त्यातली उष्णता घेऊन २७ वर उकळेल आणि ती गरम पाण्याला देत ८४ वर द्रव होईल. ३५७ भागिले ५७ म्हणजे ६.३, निम्मं ३.१. तेच मशीन आइस बँकेला, म्हणजे बर्फ साठवणाऱ्या टाकीला, लावून गॅस उणे दोनवर उकळवला तर ३५७ भागिले ८६, निम्मं २.१. मशीन तेच, वीज दीडपट. पण दुसऱ्या बाबतीत गारवाही मिळतो, तो चिलरचं बिल कमी करतो, आणि तो हिशोबात धरायलाच हवा. प्रत्येक जादा अंशाला साधारण दीड टक्का वीज जाते हेही लक्षात ठेवा. म्हणून ग्राहक “८५ द्या” म्हणाला की विचारा, का? पुष्कळदा उत्तर असतं, “पहिल्यापासून तसंच आहे.”

त्या डेअरीचा हिशोब सीओपी ३ धरून केला. ११ लाख किलोकॅलरी म्हणजे १२७९ युनिट उष्णता, त्याला ४२६ युनिट वीज. सगळं धरून ९ रुपये युनिट पडत होतं: ३८३४ रुपये रोज. ब्रिकेटने तेवढंच पाणी तापवायला लागत होतं पाचशे किलो, ८ रुपयांनी ४००० रुपये. दिवसाला १६६ रुपये वाचवायला कोण लाखोंचं मशीन घेईल? तेच काम डिझेलवर असतं तर १८५ लिटर लागलं असतं, सोळा हजारांच्या वर. म्हणून गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात काहीही असो, सध्या तरी ब्रिकेटवाल्याकडे सांभाळून जा आणि डिझेलवाल्याकडे धावत जा.

त्या मालकांना आम्ही शेवटी हीट पंप विकलाच नाही. अमोनिया कॉम्प्रेसरमधून गॅस शंभर अंशांच्या वर तापून बाहेर पडतो. त्या लाइनवर डीसुपरहीटर, म्हणजे ती जादा उष्णता पाण्याला देणारा एक्स्चेंजर, बसवून दिला. साठ टनांच्या प्लांटमधून तीसेक किलोवॉट, पाणी ५५ अंशांपर्यंत, जवळपास फुकट. त्यांच्या गरम पाण्याची चाळीस टक्के गरज तिथेच भागली.

टाकी

मशीन लहान ठेवायचं असेल तर टाकी मोठी घ्या. सीआयपी सुरू झालं की वीस मिनिटांत ३००० लिटर गरम पाणी लागतं. थेट तापवायला गेलात तर ५७५ किलोवॉट लागतील. दहा हजार लिटरची चांगली लॅगिंग केलेली टाकी ठेवली तर ७० किलोवॉटचं मशीन अठरा तास सावकाश चालून तेच काम करतं. शिवाय महावितरणच्या स्वस्त तासांत टाकी भरून ठेवता येते.

मशीनमध्ये फिरणारा गॅस निवडताना क्रांतिक तापमान आधी बघा; त्याच्या वर गॅस द्रव होतच नाही. आर-१३४ए चं १०१ अंश आहे, ८४ वर चालतो पण दाब चढतो. त्याचा जीडब्ल्यूपी, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हवा तापवण्याची ताकद, १४३० आहे, आणि माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात त्याच्या कुळातले वायू, म्हणजे एचएफसी, २०२८ मध्ये गोठवून २०३२ पासून कमी करायचे आहेत. आज नवीन डिझाइन त्यावर करणं म्हणजे पोराला जुनं पाठ्यपुस्तक देणं. प्रोपेन, आयसोब्युटेन उत्तम, फक्त ते जळतात. व्हेंटिलेशन आणि गॅस डिटेक्टरवर तिथे घासाघीस करायची नाही.

बोअरचं कठीण पाणी थेट मशीनमध्ये सोडू नका. पाणी जिथे सर्वांत गरम, क्षार तिथेच बसतात, म्हणजे नेमके तुमच्या कंडेन्सरच्या प्लेटवर. मध्ये एक प्लेट एक्स्चेंजर घाला. तीन-चार अंश जातील, मशीन वाचेल. ब्रेझिंग, म्हणजे पाइपांना धातूचा सांधा, करताना पाइपमधून नायट्रोजन सोडा, नाहीतर आत काळी खपली धरते आणि महिन्याने एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबतो. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनखाली गेला म्हणून लगेच गॅस भरू नका, पंप बंद करून अर्धा तास काटा बघत बसा.

मामा

फलटणकडच्या एका डेअरीत आम्ही डिझेलच्या जागी मशीन लावलं. दिवसा सुरळीत. रात्री अडीचला दाब वाढून मशीन आपोआप बंद, म्हणजे हाय प्रेशरवर ट्रिप. तीन रात्री ओळीने. मी भोसरीत बसून लॉगरचे आलेख बघत होते: मशीनकडे परतणारं पाणी दहा मिनिटांत ५२ वरून ७९ वर उडी मारत होतं. गॅस जास्त झाला असेल म्हणून थोडा काढला. व्हॉल्व्हची सेटिंग बदलली. दोन दिवस वाया.

चौथ्या रात्री मी स्वतः तिथे जाऊन बसले. बॉयलरवरचे मामा, नोकरीची तीस वर्षं, आमच्या मशीनकडे ढुंकूनही न बघणारे. सव्वादोनला ते उठले, टाकीच्या गेजवर बॅटरी मारली आणि वाफेचा जुना व्हॉल्व्ह उघडला.

“मामा, हे काय?”

“टाकी गार पडलीय. पन्नास दाखवतंय. सीआयपीला पाणी कमी पडलं तर शिव्या मला बसणार, तुमच्या मशीनला नाही.”

टाकीत गरम पाणी वर तरंगतं आणि गार खाली राहतं. आम्ही ते मुद्दाम ढवळू देत नाही, कारण मशीनला खालचं गार पाणीच हवं असतं. वर ८० अंशांचं पाणी तयार होतं. पण जुना गेज होता तळाशी, आणि मामा तीस वर्षं त्याच गेजवर विसंबून होते. तेव्हा टाकीत वाफ घुसून सगळं ढवळलं जायचं, म्हणून तो आकडा खरा होता. टाकीतला कारभार मी बदलला आणि ते ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर एक नवीन गेज बसवला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा टाकीवर मामांच्या खडूची अक्षरं होती. वरच्या गेजखाली ‘हे बघायचं’. खालच्या गेजखाली ‘हे मॅडमचं’.