सिंड्रेलाची वाट लावायची आठ पानांत: काळ्या विनोदाची मांगा घरच्या घरी

आठ पानांची मांगा, म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा, करायची तर आधी एक क्लिअर करून टाकू, परीकथा डार्क करायची म्हणून वरून रक्त ओतायची काहीच गरज नसते राव, ते मूळ गोष्टीत आधीपासूनच असतं, फक्त आपल्यापर्यंत घासूनपुसून आलेली आवृत्ती पोचली. परीकथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंचा पहिला खंड 1812 चा, त्यात स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे, सावत्र ती 1819 च्या आवृत्तीत झाली. शेवटी त्या बाईला तापलेले लोखंडी बूट घालून मरेस्तोवर नाचवतात, तेही स्नो व्हाइटच्या लग्नात! फ्रेंच लेखक पेरोच्या 1697 च्या पुस्तकात तर लांडगा लाल टोपीवालीला खातो आणि विषय संपला, वाचवायला कोणी येत नाही. तेव्हा मूळ गोष्ट वाचा, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात बघा नाहीतर नेटवर ग्रिमची जुनी इंग्रजी भाषांतरं फुकट पडलेली आहेत.

वाचताना अख्खी गोष्ट उचलायची नाही, एकच विचित्र तपशील पकडायचा. मी सिंड्रेला घेतो. ग्रिममध्ये बूट सोन्याचा आहे, मोठ्या सावत्र बहिणीच्या पायात जात नाही तर आई सुरी देते आणि म्हणते अंगठा काप, राणी झालीस की पायी चालावंच लागणार नाही. धाकटीची टाच जाते. शूर्पणखेचं नाक जिथे कापलं त्या गावच्या माणसाला यात काय नवल वाटणार म्हणा. काचेचा बूट मात्र पेरोचा, त्याच्याकडे कापाकापी नाही. आता दोन्ही एकत्र करा, काचेच्या बुटात कापलेला पाय, म्हंजे राजपुत्राला सगळं आरपार दिसतंय आणि तरी तो सभ्यपणे म्हणतोय "वा, अगदी बरोब्बर बसला". झाला तुमचा विनोद.

कारण हसू येतं ते पात्रं भयंकर गोष्ट घरातल्या कामासारखी घेतात म्हणून. आई किंचाळत नाही. ती विळीवरची कोथिंबीर बाजूला सारते, पातं पदराला पुसते आणि म्हणते "बस लवकर, मंडळी बाहेर थांबलीत, चहा पण टाकायचाय". आणि हा सीन मेनरोडच्या चपलांच्या दुकानातल्या टोनमध्ये लिहा, राजाचा नोकर म्हणतोय "ताई, वापरून सैल होईल", अरे काच आहे ती! कापतानाचं पॅनल, म्हणजे ती चौकट, दाखवूच नका, आईचा चेहरा, मग "खच्च" एवढंच मोठ्या अक्षरात, मग चहाची कपबशी. आवाजांच्या बाबतीत मराठीला तोड नाही, खच्च, चर्रर्र, धप्पकन, इंग्रजी आवाज कशाला उसने आणायचे.

रचनेसाठी जपानी चार चौकटींची पट्टी आधी करून बघा, की, शो, तेन, केत्सु, म्हणजे सुरुवात, थोडं पुढे, अचानक वळण, शेवट. तिसऱ्या चौकटीत दम नसेल तर आठ पानांतही येणार नाही.

आता कागदकाम. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, पण मराठी डावीकडून उजवीकडे, त्यामुळे वाचणारा बबलमध्ये, म्हणजे संवादाच्या फुग्यात, एकीकडे आणि पानावर दुसरीकडे जातो, माझं मत विचाराल तर सरळ डावीकडूनच करा, मांगापणा चेहऱ्यांत आणि पॅनलच्या कापणीत असतो. जपानी मजकूर उभा लिहितात म्हणून त्यांचे बबल उंच असतात, आपल्याला आडवे आणि रुंद लागतात, मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा सोडा. बबल आधी, चित्र नंतर, हे लक्षात ठेवा नाहीतर शेवटी अक्षरं मुंग्यांएवढी होतात.

दोन ए४ कागद मधोमध दुमडले की आठ पानं. पेन्सिलने आखा, वॉटरप्रूफ काळ्या पेनने शाई करा, मग खोडा. पेन्सिलची करडी शेडिंग झेरॉक्सला डागाळते म्हणून ठिपके, रेघा आणि भरीव काळा एवढंच वापरा, कडेला बोटभर जागा सोडा कारण मशीन कड खातं. फोनवर करायचं असेल तर मेडीबँग, कॉम्प्युटरवर क्रिटा, दोन्ही चित्रं काढायची फुकट ॲप्स, तयार स्क्रीनटोन, म्हणजे शेडिंगचे ठिपक्यारेघांचे नमुनेसुद्धा मिळतात.

देशी हवं असेल तर भोपळ्यातली म्हातारी घ्या. वाघाला ती सांगते लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा, अन् वाघ ऐकतो पण! ही चक्क हप्त्यांची बोलणी आहे भो, वाघाच्या हातात एक डायरी द्या, दर पानावर तो म्हातारीचं अंदाजे वजन लिहितोय, लेकीच्या घरी तूप वाढतंय तसा त्याचा चेहरा खुलतोय.

कव्हरवर मोठ्या अक्षरात "लहान मुलांसाठी नाही" टाका आणि झेरॉक्सवाल्या काकांना आधी एकच कॉपी काढायला सांगा, पानांचा क्रम उलटा लागला तर अंगठा कापायच्या आधीच बूट बसतो.