बार्बीसाठी नऊवारी, खणाची चोळी आणि ठुशी: घरच्या घरी कशी करावी

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे ती माणसाच्या सहाव्या हिश्श्याच्या मापाची. या हिशेबाने तिची नऊवारी १३७ सेंटिमीटर भरते. पण तेवढं कापड तिला गुंडाळून पाहा. कंबर दिसेनाशी होते आणि पोटाशी बोचकं तयार होतं. लांबी-रुंदीला सहाने भागता येतं, कापडाच्या जाडीला येत नाही. घरी शिवलेले बाहुलीचे कपडे बेंगरूळ दिसतात ते बहुतेक वेळा याच कारणाने, हात कितीही चांगला असला तरी. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीवर जाडी कुठे कमी करता येईल, हेच बघत जायचं आहे.

कापड निवडताना

कापड बोटावर टाकून पाहा. ते लगेच खाली पडलं तर घ्या, तंबूसारखं उभं राहिलं तर ठेवून द्या. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, मलमल, जुनी रेशमी ओढणी ही साडीसाठी उत्तम. खऱ्या पैठणीचा तुकडा हाताशी असला तरी मोह आवरा. तिचं पोत बाहुलीसाठी ताठ पडतं आणि पदरावरचा मोर तिच्या छातीएवढा होतो. साध्या मऊ कापडाला जरीची बारीक लेस लावली की काठाचं काम होतं. खरा काठ तीन इंचांचा धरला तर आपल्याला साधारण १२ मिलिमीटरची लेस हवी. दादर, भुलेश्वर किंवा पुण्याच्या तुळशीबागेत लेसच्या दुकानात मोजपट्टी घेऊन गेलात तर मनासारखी मिळते.

चोळीसाठी खण घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावच्या खणात बारीक बुट्टे असतात, ते या मापाला शोभतात. अख्खा खण विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्या शिंप्याकडे कतरण मागा, तळहाताएवढे दोन तुकडे पुरतात.

कापायच्या आधी रंग तपासायलाच हवा. लाल, जांभळा, गडद निळा आणि काळा रंग बाहुलीच्या अंगाला लागतो आणि एकदा आत मुरला की सहजासहजी निघत नाही. ओलं पांढरं फडकं कापडावर घासा. फडक्याला रंग लागला तर कापड पुन्हा धुवा. तरीही रंग जात राहिला तर ते कापड बाहुलीच्या अंगाला थेट लागू देऊ नका, आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर घाला.

बाकी सामान थोडंच लागतं: १० नंबरची बारीक सुई, एकेरी दोरा, टोकदार छोटी कात्री, कापड चिकटवायचा गोंद, सगळ्यात लहान टिचबटणं आणि बारीक इलास्टिक.

चोळीचा कागद

तयार माप शोधत बसू नका. २०१६ पासून बार्बी उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्याही मिळतात. नेहमीच्या बार्बीची चोळी भरल्या अंगाच्या बार्बीला होत नाही. आपल्या हातातल्या बाहुलीवरूनच बेतायचं.

स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतो ती पातळ प्लॅस्टिकची फिल्म बाहुलीच्या धडाला घट्ट गुंडाळा. त्यावर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावत सगळं धड झाका. आता पेनने गळा, खांदे, मुंढ्याचा (बाही जोडायच्या जागेचा) गोल, दोन्ही कुशींच्या रेषा, चोळीची खालची कड आणि पाठीच्या मधोमध एक उभी रेषा काढा. पाठीच्या रेषेवर कापून हा साचा अलगद उतरवा आणि मग खांद्यावर नि कुशीवर कापा. पुढचा भाग सपाट होणार नाही, छातीपाशी फुगलेला राहील. खालच्या कडेपासून छातीच्या टोकापर्यंत एक काप द्या, म्हणजे तो पसरेल आणि मध्ये एक त्रिकोणी फट उघडेल. ती फट म्हणजेच टक्स. दुसऱ्या बाजूलाही असंच करा.

हे तुकडे कागदावर आखून घ्या आणि भोवती ५ मिलिमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोडा. पाठीच्या मधल्या कडांना मात्र एक सेंटिमीटर सोडा, कारण तिथे पट्टी एकमेकींवर येऊन बटणं बसणार आहेत. बाहीसाठी साधा आयत पुरतो, वरच्या बाजूला थोडा गोलवा दिला की झालं. खणाला कात्री लावण्याआधी जुन्या मलमलीत एक चोळी कच्ची शिवून पाहा. हा अर्धा तास वाचवू नये.

चोळी शिवताना

खणाचे धागे फार सुटतात. कापून झाल्याझाल्या सगळ्या कडांना गोंदाचा अगदी पातळ हात फिरवा आणि वाळू द्या. मगच सुई हातात घ्या.

शिवणाचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. मोठ्या माणसाच्या ब्लाउजला कुशी आधी शिवून तयार मुंढ्यात बाही बसवता येते. बार्बीचा मुंढा बोटाच्या पेराएवढा असतो, त्यात गोल बाही बसवणं जवळजवळ अशक्य. म्हणून कापड जितका वेळ सपाट ठेवता येईल तितका ठेवायचं. आधी टक्स, मग खांदे. त्यानंतर गळ्याला मलमलीचं अस्तर सुलट बाजूला सुलट ठेवून शिवा, गोलाईत कात्रीने बारीक छेद द्या आणि उलटवा. बाहीची खालची कड आधीच दुमडून घ्या. मग बाही उघड्या मुंढ्याला सपाट जोडा. सगळ्यात शेवटी बाहीच्या टोकापासून काखेतून थेट कमरेपर्यंत एकच शिवण घाला. काखेत छेद द्यायला विसरू नका, नाहीतर हात खाली येत नाहीत.

टाके दोन मिलिमीटरचे, बखियाचे, म्हणजे दर वेळी सुई थोडी मागे घेऊन घातलेले. शिवून झाल्यावर माया कापून तीन मिलिमीटरवर आणा. मशीनवर शिवणार असाल तर कापडाखाली पातळ कागद ठेवा. त्यामुळे मशीन लहान तुकडा आत ओढत नाही, आणि कागद नंतर फाडून काढता येतो.

पाठ वरपासून खालपर्यंत पूर्ण उघडी ठेवा आणि दोन टिचबटणं लावा. वेलक्रो सोपं वाटतं, पण ते जाड असतं आणि बाहुलीच्या केसांत अडकून केस ओढून काढतं. चोळी घालताना बाहुलीचा अंगठा बाहीत अडकतो. हातावर प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळला की बाही सरकन चढते.

१९५९ साली बार्बी बाजारात आली तेव्हा तिचे कपडे शार्लट जॉन्सन यांनी बेतले होते आणि ते जपानमध्ये शिवून घेतले जात. अस्तर, इवल्या झिपा, टिचबटणं सगळं त्या कपड्यांत असे. जुन्या कपड्यांचे फोटो मिळाले तर शिवणी निरखून पाहा. पुस्तकी धड्यापेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळतं.

साडी नेसवताना

एक मीटर लांब आणि १९ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. पूर्ण १३७ सेंटिमीटर घेऊ नका, निऱ्यांना आणि पदराला मीटरभर पुरतं. कोळी पद्धतीने आखूड नेसवायची असेल तर रुंदी १३-१४ सेंटिमीटर ठेवा. वरची कड दुमडू नका, ती कमरेत खोचली जाते आणि दुमडीने तिथे उगाच एक थर वाढतो. तिला गोंदाचा हात पुरे. लेस फक्त खालच्या कडेला आणि पदराला.

कमरेला बारीक इलास्टिक घाला. नेसताना आपण कमरेला गाठ मारतो, पण बाहुलीच्या कमरेवर ती गाठ तिच्या मुठीएवढी दिसते, म्हणून कापड इलास्टिकमध्ये खोचायचं. रबरबँड नको, तो कालांतराने चिकट होतो.

पट्टी बाहुलीच्या पाठीमागून घ्या. तिच्या डाव्या हाताला ३५ सेंटिमीटर आणि उजव्या हाताला ६५ सेंटिमीटर राहू द्या. दोन्ही बाजू पुढे आणून इलास्टिकमध्ये पक्क्या खोचा. डावीकडच्या टोकाच्या दोन सेंटिमीटरच्या निऱ्या घाला. पाच-सहा होतील. निऱ्यांच्या वरच्या टोकाला धाव दोरा (साधे सरळ टाके) घालून ओढा, म्हणजे त्या सुटणार नाहीत, आणि पुढे मधोमध खोचा. आता निऱ्यांचा खालचा मधला काठ चिमटीत धरून पायांमधून मागे न्या, त्याच्या लहान चुण्या करा आणि पाठीमागे कमरेत खोचा. हा काष्टा. दोन्ही पोटऱ्यांवर काठ सारखा आला पाहिजे. नसेल आला तर काष्टा सोडून पुन्हा घ्या, नेसवणीचं सगळं रूप या एका जागी ठरतं.

उरलेला लांब भाग पुढून डावीकडे, मग पाठीमागून उजव्या बगलेखालून पुढे आणा आणि छातीवरून डाव्या खांद्यावर टाका. पदराच्या चार चुण्या करून खांद्यावर एक टाका घाला. निऱ्या बसण्यासाठी त्या ओल्या बोटांनी दाबा, वरून सैल दोरा गुंडाळा आणि रात्रभर तशाच ठेवा. बाहुलीच्या अंगावर असताना इस्त्री फिरवू नका, प्लॅस्टिक वितळतं.

लहान मूल रोज काढघाल करणार असेल तर निऱ्या आणि काष्टा पक्के शिवून टाका आणि मागे एक टिचबटण लावा.

दागिने

इथे एकच कसोटी: मण्याच्या मापाला सहाने गुणा. दोन मिलिमीटरचा मणी आपल्याला नाजूक वाटतो, पण बाहुलीच्या गळ्यात तो १२ मिलिमीटरचा, म्हणजे मोठ्या काबुली चण्याएवढा दिसतो. ठुशीला एक-दीड मिलिमीटरचे सोनेरी मणीच हवेत. ते तीन ओळींत ओवून मध्ये एक लाल मणी घ्या आणि मागे काळा दोरा बांधा.

नथीसाठी ३० गेजची तार घ्या. तीन बारीक मोती आणि एक लाल मणी ओवून वळवा. नाकाला भोक पाडू नका, काढता येईल अशा गोंदाचा ठिपका पुरतो. बांगड्यांना हिरवी तार पेनाच्या रिफिलवर गुंडाळून एकेक वेढा कापायचा. गजरा पांढऱ्या दोऱ्याच्या जवळजवळ मारलेल्या गाठींचा करा, मण्यांपेक्षा तो खरा वाटतो.

कानात पितळेची किंवा तांब्याची तार कायम ठेवू नका. जुन्या बार्बींचे कान धातूच्या कुड्यांमुळे हिरवे पडलेले संग्राहकांना चांगलेच माहीत आहेत. कुडी दोऱ्याने टांगा किंवा स्टीलची तार वापरा.

कोल्हापुरी करायची असेल तर आधी पाय पाहा. पुष्कळ बार्बींची टाच उंच सँडलसाठी कायम वर उचललेली असते, त्यांना सपाट चप्पल बसत नाही. सपाट पावलांच्या बाहुलीसाठी पाऊल कागदावर आखून एक मिलिमीटर जाडीच्या रेक्झिनचा तळ कापा, वर पट्टा आणि अंगठ्याची बारीक पट्टी चिकटवा.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हे मणी नि बटणं देऊ नका. बाहुली कपाटात ठेवायची असेल तर उन्हाच्या थेट तिरिपेत नको, आणि गडद साडी असेल तर दोन-तीन महिन्यांनी चोळीच्या कडा उचलून अंगाला रंग लागत नाही ना, ते पाहा.