पहिली अंतराळ-कादंबरी लिहायला बसण्याआधी

काळप्रवास, प्रेम आणि बंड एकाच कादंबरीत आणायचं असेल, तर सर्वांत आधी काळाचा नियम ठरवा आणि तो एका पानावर लिहून काढा. ग्रहांची नावं, जहाजांचे आकार, राजवटीची चिन्हं हे सगळं पुढे सुचत राहतं. मी सुरुवात नकाशापासून केली होती. नऊ प्रकरणं झाल्यावर लक्षात आलं, की नायिका मागे जाऊन भावाचा जीव वाचवू शकते, मग ती बंडात उतरेलच कशाला? ती नऊच्या नऊ प्रकरणं बाजूला काढावी लागली. त्यातला भावाच्या अंत्ययात्रेचा प्रसंग मला अजूनही जवळचा वाटतो, पण ज्याला परत आणता येतं त्याच्यासाठी वाचकाने का रडावं?

तेव्हा त्या पानावर पहिला प्रश्न: भूतकाळ बदलता येतो का? एक उत्तर असं, की जे घडलं ते घडलंच. मागे गेलेला माणूस जे काही करेल ते आधीच इतिहासात धरलेलं आहे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ ईगर नोविकोव यांनी १९८०च्या दशकात मांडलेलं तत्त्व याच वळणाचं आहे. दुसरं उत्तर, प्रत्येक बदलाबरोबर विश्वाला नवी फांदी फुटते. तिसरं, एकच काळ आहे आणि तो खोडून पुन्हा लिहिता येतो. माझं मत स्पष्ट आहे: बंडाच्या कथेला पहिला नियम सर्वांत जास्त मानवतो. हरणार हे ठाऊक असूनही जो उभा राहतो, त्याच्याकडे बघण्यासारखं असतं. फांद्यांच्या विश्वात कुठे ना कुठे विजय मिळालेलाच असतो, त्यामुळे या फांदीतला पराभव बोचेनासा होतो. तिसरा नियम घेतलात तर मागे जाण्याची किंमतही त्याच पानावर लिहा: आयुष्याची वर्षं, आठवणी, काहीही. पण ती दर वेळी मोजली गेली पाहिजे.

मागे जाणं ही तुम्ही घेतलेली सवलत आहे, पुढे जाणं मात्र खरं विज्ञान आहे, आणि ते नीट वापरा. १९७१मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. फरक नॅनोसेकंदांचा होता, पण वेग आणि गुरुत्वाकर्षण यांनुसार काळाची गती बदलते, या आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या भाकिताशी जुळणारा. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात आणि ते सुधारून घ्यावं लागतं. कादंबरीत हाच फरक फुगवायचा. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्या जहाजात काळ जवळपास दहापट मंद चालतो. वीस प्रकाशवर्षांवर, म्हणजे प्रकाशाला पोहोचायला वीस वर्षं लागतील इतक्या दूर, जाऊन परत येणारीला हा प्रवास चार वर्षांचा, वाट बघणाऱ्याला चाळीस वर्षांचा. दोघं पंचविशीत निरोप घेतात; ती एकोणतिशीत परतते, तो पासष्टीत असतो. तुमची प्रेमकथा या एका आकड्यात आहे.

यासाठी एक वही वेगळी करा. तीन रकाने: ग्रहावरचं वर्ष, त्याचं वय, तिचं वय. चौथा रकाना मी पुढे वाढवला आणि तोच सर्वांत उपयोगी पडला: या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे? काळप्रवासातलं प्रेम इथेच अवघड होतं. एकाला दोघांचं पुढचं आयुष्य माहीत आहे आणि दुसऱ्याची ही पहिलीच भेट आहे, तर हे नातं बरोबरीचं नाही. ज्याला ठाऊक आहे तो सांगतो का, कधी सांगतो, आणि न सांगता पुढे जाणं ही फसवणूक आहे का, हे लिहिण्याआधी तुमच्या मनाशी पक्कं हवं. शिवाय दोघांना एकमेकांशिवाय काय हवं आहे, तेही लिहा. तिला बंड हवं आहे आणि त्याला फक्त ती, एवढंच असेल तर तो पोकळ राहील.

बंडाच्या तयारीत आधी सत्ता कशावर उभी आहे ते शोधा. वसाहतीची हवा कोण गाळतं, पाणी कोण मोजतं, इंधनाच्या किल्ल्या कोणाकडे असतात? ज्या वस्तूवाचून कोणाचाच दिवस जात नाही, तिथून बंड पेटतं. मग बातम्यांचा वेग बघा. पृथ्वी-मंगळ संदेशाला अंतरानुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटं लागतात. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे तिथल्या उठावाची खबर राजधानीला चार वर्षांनी. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात २४ डिसेंबर १८१४ रोजी युरोपातल्या घेंट शहरात तहावर सह्या झाल्या, तरी ८ जानेवारी १८१५ला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली, कारण तहाची बातमी जहाजातून यायची होती. ज्या युद्धाच्या तहावर सह्या झाल्या होत्या, त्यात माणसं मेली. आंतरतारकीय बंडात हे दर पिढीला घडेल. तुमच्या जगात प्रकाशापेक्षा वेगवान संदेश असेल, तर तो कोणाच्या ताब्यात आहे ते ठरवा; खरी गादी त्याचीच. आणि सत्तेच्या बाजूचं एक तरी माणूस असं घडवा, ज्याचं म्हणणं तुम्हाला खोडता येत नाही.

भाषेची तयारी लोक शेवटी करतात, मी ती आधी करायला सांगेन. कोण कोणाला तू म्हणतं, कोण तुम्ही, कोण आपण? नायक-नायिका तुम्हीवरून तूवर कोणत्या प्रसंगात येतात, तो प्रसंग वहीत नोंदवा. तिच्यासाठी तो आधीच तू असेल आणि त्याच्यासाठी ती अजून तुम्ही, तर काळप्रवास एका सर्वनामात दिसतो. गुलाम खलाशी कप्तानाला पहिल्यांदा अरे म्हणतो, तिथे बंड सुरू झालेलं असतं. आणि आपल्या भाषेत 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. 'आपण परवा भेटलो' आणि 'आपण परवा भेटू' यांत फरक फक्त क्रियापदाचा. असा शब्द आयता हाताशी असताना तो वापरल्याशिवाय राहू नका.

यंत्रांवर फार दिवस घालवू नका. स्वतःभोवती फिरून वजनाचा भास निर्माण करणाऱ्या अंतराळ-वसाहतीत मिनिटाला दोन फेऱ्यांनी पृथ्वीइतकं वजन जाणवायला त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. असे चार-पाच आकडे काढून ठेवले की पुरे. पोकळीत स्फोटाचा आवाज होत नाही, हे मात्र विसरू नका.

खर्डा वाचायला दोन माणसं आत्ताच सांगून ठेवा: एक भौतिकशास्त्र जाणणारं, दुसरं फक्त प्रेमकथा वाचणारं. दोघांना एकच विचारा, कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवलंत? आणि लिहायला बसाल तेव्हा प्रकरण एकपासून बसू नका. चाळीस वर्षांनी जहाजाचं दार उघडतं आणि दोघं समोरासमोर येतात, ते पान आधी लिहा. पहिलं वाक्य कोण बोलतं, हे कळलं की मग मागे या.