रेतीबंदरावर पक्षी-खेकडे बघायचेत? आधी तिथी बघा

कळवा-मुंब्र्याच्या मधलं रेतीबंदर आठवतंय ना, स्लो लोकलच्या खिडकीतून रेतीचे ढीग आणि ट्रक दिसायचे ते. तिकडे दुर्बीण घेऊन चाललोय म्हटलं की लोक हसतात, हसू देत.

बहुतेक जण कुठे चुकतात तर रविवारी सहाला उठून जातात, नेमकी भरती असते, मातकट पाणी आणि तरंगत्या पिशव्या बघून घरी येतात. इथे अलार्म नाही, तिथी चालते. जुना हिशोब सोपाय, शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी असेल तर पावणेचार, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहा. खाडीत एवढ्या आत पाणी अजून थोडं उशिरा वळतं, ते धरून चला. चतुर्थी-पंचमीचा रविवार सापडला तर सोडू नका. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी उधाण असतं, काय दिसणार कप्पाळ.

पोचलात की काठावर बसायचं आणि दहा मिनिटं हलायचं नाही, सावलीसुद्धा चिखलावर पडू द्यायची नाही. मग आधी बिळांतून खेकडे निघतात, ते एक नांगी भलीमोठी असलेले, ती नराची, बाईसाहेबांना खुणावायला, खायला मात्र छोटीच नांगी. मग निवट्या. मासा असून पुढच्या परांवर ढकलत ढकलत चिखलात चालतो, मधेच पाठीवरचा पर ताठ करतो आणि डोळे खोबणीत ओढून ओले करतो, अगदी पापणी मारल्यासारखं. हे बघायला दुर्बीणही लागत नाही.

पक्ष्यांसाठी अजून तासभर थांबा. पूर्ण ओहोटीला ते लांब चिखलात जातात, नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की शेकाटे, तुतवार मागे सरकत सरकत काठाशी येतात.

चिखलात उतरू नका, मी एक सँडल अर्पण केलीय. तिवराची ती पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं म्हणजे झाडाचं नाक, तुडवू नका. आणि रूळ ओलांडून शॉर्टकट तर अजिबात नको.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच बघायचे असतील तर हिवाळ्यात ऐरोलीला जा, तिथली बोटही भरतीच्या वेळेवरच सुटते.