तळहातावरची एकेरी घडी आणि स्वमग्नता : कसे पाहावे, काय समजावे

बाळाच्या तळहातावर एकच आडवी रेषा दिसली की ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) खूण तर नाही ना, या शंकेने अनेक पालक धास्तावतात. ती नेमकी ओळखायची कशी, हे आधी पाहू. उजेडात, मूल शांत असताना त्याचा पंजा सैल धरावा आणि बोटे किंचित मिटू द्यावीत, कारण ताणलेल्या तळव्यावर घड्या पुसट होतात. बहुतेकांच्या तळव्यावर अंगठ्याच्या उंचवट्याला वळसा घालणारी एक आणि तिच्या वरच्या बाजूला दोन आडव्या अशा तीन मोठ्या घड्या असतात. या दोन आडव्या घड्यांच्या जागी या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड गेलेली एकच घडी असेल, तर तिला एकेरी आडवी घडी म्हणतात. दोन्ही हात पाहावेत आणि आईवडिलांचेही पाहावेत. ही ठेवण कधी कधी घराण्यातूनच आलेली असते.

या घड्या गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांतच तयार होतात. त्या काळात वाढीत काही वेगळे घडले असेल तर त्याची खूण हातावर राहू शकते, म्हणून संशोधक त्यांच्याकडे पाहतात. स्वमग्न मुलांच्या गटांत अशा लहानसहान शारीरिक वेगळेपणाचे प्रमाण सरासरीने जास्त आढळले आहे खरे. परंतु गटाच्या सरासरीवरून एका मुलाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने येणारी जन्मजात अवस्था) असलेल्या सुमारे निम्म्या व्यक्तींच्या हातावर एकेरी घडी असते, आणि तरीही ती घडी असलेली बहुसंख्य माणसे पूर्णपणे निरोगी असतात. घडीच्या जोडीला स्नायूंचा सैलपणा, हृदयदोष किंवा वाढीतला विलंब असेल, तर गुणसूत्रांची तपासणी हवी का, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

स्वमग्नतेचे निदान वागणुकीवरूनच होते. मूल वर्षाचे झाल्यावरही नावाने मारलेल्या हाकेला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचे होऊनही आवडलेली वस्तू बोटाने दाखवत नसेल, नजरेला नजर देणे टाळत असेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर हात कसाही असो, डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. मला अधिक काळजी वाटते ती याच्या उलट चुकीची : हातावर तीन स्वच्छ रेषा आहेत म्हणून निश्चिंत राहणाऱ्या घरांची. तपासणीला जाताना हाताच्या छायाचित्रापेक्षा मूल घरी खेळतानाचे दोनतीन मिनिटांचे चित्रीकरण न्यावे, कारण अनोळखी खोलीत मूल नेहमीसारखे वागेलच असे नाही.